कोरडी मटकी सजीव आणि ज्योत निर्जीव, हे नेमके कशावरून ठरवायचे?

खडूफळा:

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ‘सजीवांची लक्षणे’ हा पाठ दरवर्षी होतो. वाढ, पोषण, श्वसन, उत्सर्जन, चेतनाक्षमता, हालचाल, प्रजनन आणि पेशीमय रचना ही यादी फळ्यावर लिहिली की मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जशीच्या तशी लिहितात. यंदा एका विद्यार्थिनीने ही यादी घरच्या बरणीतल्या मटकीला लावून पाहिली. मटकी वाढत नाही, हलत नाही, टोचले तरी काही प्रतिसाद देत नाही, महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. मग तिला सजीव का म्हणायचे, असे तिने विचारले. मी उत्तराची जुळवाजुळव करत असतानाच मागच्या बाकावरून मेणबत्तीचा प्रश्न आला. ज्योत ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते, मेण संपवते, वाढते, फुंकर घातली की वाकते आणि एका ज्योतीपासून शंभर ज्योती लावता येतात. यादीतली बहुतेक लक्षणे तिच्यात सापडतात, तरी ती निर्जीव. उलट खेचराला पिल्ले होत नाहीत, तरी ते सजीव.

‘ज्योतीला पेशी नसतात’ एवढे सांगून वर्ग शांत करता आला असता, पण तेवढ्याने माझे स्वतःचेच समाधान होत नाही. पेशी असणे हे कारण आहे की फक्त ओळखीची खूण? या यादीतले एखादे लक्षण खरोखर निर्णायक आहे का, की सगळी यादीच ढोबळ आहे? विषाणूंचा प्रश्न मुलांनी अजून विचारलेला नाही, पण तो येणारच आहे.

बीजपरीक्षक:

आपल्या विद्यार्थिनीने उदाहरण अचूक निवडले आहे, कारण कोरडे बी सजीव आहे की मृत, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही आणि बीजपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत रोजचे काम नेमके तेच असते.

वाटीभर मटकी आणि मूठभर फुटाणे वेगवेगळ्या भांड्यांत भिजत घालून पाहावेत. दोन्ही पाणी शोषतात आणि दोन्ही फुगतात. बी फुगणे ही वाढ नव्हे; पिष्ट आणि प्रथिने यांचे कण पाणी ओढून घेतात म्हणून ते घडते आणि त्यासाठी जीव असण्याची गरज नसते. भट्टीत भाजला गेलेला फुटाणा फुगेल, मऊ होईल आणि पुढे आंबेल, पण त्याला मोड येणार नाही. मटकीत मात्र फुगण्यानंतर दुसरे काहीतरी सुरू होते. साठवणीच्या काळात पेशींची पटले (पेशीभोवतीची पातळ आवरणे) आणि डीएनए यांची जी मोडतोड झालेली असते, तिची दुरुस्ती पाणी मिळाल्यावर पहिल्या काही तासांतच सुरू होते, श्वसन वाढते आणि त्यानंतर मूळ बाहेर येते. पटले निकामी झालेल्या बियांना आपल्यातले क्षार आणि शर्करा धरून ठेवता येत नाहीत, त्या पाण्यात पाझरत राहतात. त्यामुळे ज्या पाण्यात बी भिजवले त्याची विद्युतवाहकता मोजून बियाणे किती जोमदार आहे याचा अंदाज घेतला जातो.

त्याच वाटीत दोन-चार गणंगही सापडतील. ते पाणीच शोषत नाहीत, दगडासारखे टणक राहतात आणि खाताना दाताखाली येतात. वरवर पाहता सगळ्या वाटीत तेच सर्वांत निर्जीव वाटतात, पण अनेकदा ते पूर्ण जिवंत असतात. त्यांचे बीजावरण पाणी आत येऊ देत नाही एवढेच. ते कानशीने किंचित घासले किंवा सुईने ओरखडले तर तोच दाणा फुगून मोड काढू शकतो. म्हणजे फुगलेला फुटाणा मृत आणि न फुगलेला गणंग जिवंत, असा उलटा प्रकार एकाच ओट्यावर पाहायला मिळतो.

उगवणीची वाट न पाहता निकाल हवा असेल, तर टेट्राझोलियम चाचणी करतात. बी भिजवून, मधोमध चिरून, टेट्राझोलियम क्षाराच्या रंगहीन द्रावणात उबेत आणि अंधारात ठेवले जाते. जिथे श्वसनाची विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, म्हणजे एन्झाइम) काम करत असतात तिथे या क्षाराचे लाल रंगद्रव्य बनते आणि ते त्याच पेशीत अडकून राहते. मृत भाग फिकट राहतो. निकाल वाचताना दाणा एकूण किती लाल झाला यापेक्षा कोणता भाग लाल झाला हे पाहावे लागते. दोन्ही दळे (डाळिंब्या) लालभडक आणि मुळाचे टोक पांढरे, असा दाणा निघाला तर त्यातल्या बहुतेक पेशी जिवंत असूनही तो रोप म्हणून जगणार नाही.

आता मूळ प्रश्न. बरणीतल्या कोरड्या मटकीत पाण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असते. तेवढ्या कोरडेपणात पेशीतला द्रव काचेसारखा घट्ट होतो आणि चयापचय मोजता येणार नाही इतका मंदावतो. इस्राएलमधील मसादा येथील उत्खननात सापडलेले खजुराचे सुमारे २००० वर्षांपूर्वीचे बी २००५ साली रुजले आणि त्याचे झाड झाले. इतकी वर्षे त्यात म्हणण्याजोगे ‘जगणे’ चालू नव्हते. म्हणून ‘ज्यात चयापचय चालू आहे ते सजीव’ ही व्याख्या बियांच्या बाबतीत अपुरी पडते. चालू असण्यापेक्षा चालू होण्याची व्यवस्था शाबूत असणे महत्त्वाचे ठरते. ज्योतीशी तुलना केली की हा भेद लख्ख दिसतो. ज्योत ही निव्वळ क्रिया आहे. ती विझवली तर मागे काही उरत नाही आणि काडी लावली की पुन्हा तशीच ज्योत मिळते. बियाची क्रिया वर्षानुवर्षे थांबली तरी चालते, कारण त्याची रचना टिकून असते; पण एकदा भाजून ती रचना मोडली, की बाहेरून कितीही ऊब आणि ओल दिली तरी दाणा पूर्ववत होत नाही.

आणखी एक सुचवावेसे वाटते. वर्गात दोन कप्पे न करता तीन करावेत: सजीव, मृत आणि कधीच सजीव नसलेले. फुटाणा आणि गारगोटी यांना एकाच कप्प्यात टाकल्यामुळे मुलांचा निम्मा गोंधळ होतो. फुटाण्यातला प्रत्येक रेणू एका जिवंत झाडाने बनवलेला असतो, पेशींच्या भिंतीही सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. म्हणून ‘पेशी असणे’ हा निकषही एकट्याने पुरत नाही.

किण्वक:

बीजपरीक्षक यांच्या प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे; फक्त ‘रचना’ या शब्दावर सगळा भार टाकू नये असे वाटते. स्फटिकालाही अतिशय काटेकोर रचना असते आणि मिठाच्या संपृक्त द्रावणात तो वाढतोही. पेशीच्या रचनेचे वेगळेपण असे, की ती स्वतःला बनवणारी यंत्रणा स्वतःच बनवते.

एदुआर्द बुखनर यांनी १८९७ साली किण्वाच्या (यीस्टच्या) पेशी वाळूबरोबर घोटून फोडल्या आणि त्यांचा पेशीविरहित रस काढला. त्यात साखर घातल्यावर बुडबुडे येऊ लागले आणि मद्यार्क तयार झाला. त्याआधी लुई पाश्चर यांच्यासारख्यांचे ठाम मत होते की किण्वन, म्हणजे साखरेपासून मद्यार्क बनण्याची क्रिया, जिवंत पेशीशिवाय होत नाही. बुखनर यांना या कामासाठी १९०७ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की त्या रसात चयापचयाचा एक मोठा भाग जसाच्या तसा चालू होता, पण रस सजीव नव्हता. त्यातली विकरे हळूहळू नासत गेली आणि नासलेल्या विकरांच्या जागी नवी बनवणारे कोणी तिथे उरले नव्हते. आजकाल कपडे धुण्याच्या पावडरीतही विकरे असतात आणि ती डागातली प्रथिने पचवतात. तेवढ्यावरून कोणी पावडरीला सजीव म्हणत नाही.

पेशीत वर्तुळ पूर्ण झालेले असते. विकरे अन्नापासून ऊर्जा आणि सुटे भाग मिळवतात, त्यातून पटल बनते, पटलामुळे विकरे एकत्र राहतात, डीएनएतील माहिती वाचून नवी विकरे बनतात आणि त्या डीएनएची नक्कल करणारीही विकरेच असतात. या साखळीतले काहीही एकटे बाहेर काढले, तर ते उत्तम रसायन असते, जीव नसतो. हे वर्तुळ किती लहान करता येते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील जे. क्रेग व्हेंटर संस्थेतील संशोधकांनी एका जीवाणूची अनावश्यक जनुके काढत काढत २०१६ साली फक्त ४७३ जनुकांची पेशी तयार केली. ती वाढते आणि विभागते. त्या जनुकांत सर्वांत मोठा वाटा माहिती वाचून प्रथिने बनवण्याच्या कामाचा होता. त्यांपैकी १४९ जनुके नेमके काय काम करतात हे तेव्हा सांगता आले नव्हते, आणि मला या सगळ्या प्रयोगातला तोच भाग सर्वांत रोचक वाटतो: काढली तर पेशी मरते किंवा खुरटते एवढे कळले, का ते कळले नाही.

ज्योत याच कसोटीवर नापास होते. ती मेण वापरते, पण वात विणत नाही.

‘चेतनेला प्रतिसाद’ या लक्षणाबद्दल आपल्याकडचा एक दाखला द्यायला हवा. जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आणि पुढच्या वर्षीच्या आपल्या ग्रंथात दाखवले, की स्नायू, वनस्पती आणि कथिलासारख्या धातूची तार यांना धक्का दिला तर तिन्हींत विद्युत प्रतिसाद उमटतो, वारंवार धक्के दिले तर तो थकल्यासारखा क्षीण होतो आणि काही रसायनांनी तो मंदावतो. यावरून सजीव आणि निर्जीव यांच्यात कडेकोट भिंत नाही, अशा निष्कर्षाकडे ते झुकले होते. आज त्यांची निरीक्षणे वाचताना मी उलट बाजूने धडा घेतो: प्रतिसाद हे लक्षण धातूतही आढळत असेल, तर ते एकटे सजीवतेची कसोटी होऊ शकत नाही.

परागकण:

वरच्या दोन्ही प्रतिसादांत उत्क्रांतीचा उल्लेख नाही, हे खटकले. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९० च्या दशकात जी कामचलाऊ व्याख्या स्वीकारली, तिचा आशय असा, की डार्विनने सांगितल्याप्रमाणे उत्क्रांत होण्याची क्षमता असलेली, स्वतःला टिकवून धरणारी रासायनिक प्रणाली म्हणजे जीवन. ज्योतीपासून ज्योत लागते तेव्हा नव्या ज्योतीत जुन्या ज्योतीचा कोणताही गुण उतरत नाही. ती कशी जळेल हे तिचे इंधन आणि तिची हवा ठरवतात. मटकीच्या पुढच्या पिढीत मात्र मटकीचे गुण येतात, नक्कल करताना झालेल्या किरकोळ चुकाही येतात, आणि त्या चुकांतून निवड होऊ शकते. हा फरक मला विकरांच्या वर्तुळापेक्षा मूलभूत वाटतो.

खेचराचा आक्षेप या व्याख्येवर नेहमी घेतला जातो. एकटे खेचर उत्क्रांत होत नाही हे खरे, पण एकटी घोडीही होत नाही. उत्क्रांती समूहाची होते. ही व्याख्या ‘जीवन’ या घटनेची आहे, समोर उभ्या असलेल्या एका प्राण्याची नाही. त्या प्राण्यासाठी किण्वक यांचा निकष वापरावा. खेचराला पिल्ले होत नसली तरी त्याच्या अंगावरची जखम भरून येते, कारण त्याच्या पेशींचे विभाजन बिनतक्रार चालू असते. अंडी न घालणाऱ्या कामकरी मधमाश्यांबाबतही तेच.

सूक्ष्मदर्शी:

विषाणूंचा प्रश्न येणारच आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या मोझॅक रोगाचा विषाणू वेन्डेल स्टॅनली यांनी १९३५ साली स्फटिकरूपात मिळवला. ते स्फटिक इतर रसायनांसारखे कुपीत ठेवता येत होते आणि पाण्यात विरघळवून पानावर चोळले की रोग होत होता. १९५५ साली त्याच विषाणूची प्रथिने आणि आरएनए (त्याची अनुवंशिक माहिती साठवणारा रेणू) वेगवेगळे करून नळीत पुन्हा एकत्र केले, तर ते आपोआप जुळून संसर्गक्षम विषाणू तयार झाला. कोणतीही पेशी अशी सुटी करून पुन्हा जोडता आलेली नाही.

विषाणूला निर्जीव ठरवताना ‘तो दुसऱ्यावर अवलंबून असतो’ हे कारण सर्रास दिले जाते. हे कारण लंगडे आहे. कुष्ठरोगाचा जीवाणू १८७३ साली हान्सेन यांनी शोधला. तो कृत्रिम माध्यमावर आजवर वाढवता आलेला नाही, त्याला यजमान प्राण्याच्या पेशीच लागतात. त्याच्या जनुकसंचात सुमारे १६०० जनुके चालू आहेत आणि सुमारे ११०० निकामी झालेली आहेत. तरीही तो सजीव आहे यावर कोणी वाद घालत नाही, कारण त्याला स्वतःचे पटल आहे, स्वतःचे रायबोसोम (प्रथिने बनवणारे पेशीतले सूक्ष्म कण) आहेत आणि यजमानाच्या पेशीत शिरल्यावरही तो जीवाणू म्हणूनच राहतो. वाढतो आणि दोन होतो. विषाणूचे तसे नाही. पेशीत शिरला की त्याचे कवच सुटते आणि काही काळ त्या पेशीत संसर्गक्षम विषाणूकण शोधूनही सापडत नाही. त्यानंतर यजमानाच्या रायबोसोमांनी बनवलेल्या सुट्या भागांपासून शेकडो नवे कण जुळवले जातात. विषाणू वाढत नाही आणि विभागतही नाही; त्याच्या प्रती बनवल्या जातात.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत २०२० साली करोनाचा विषाणू वेगळा करण्यात आला, तेव्हा तो माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या ‘व्हेरो’ नावाच्या पेशींवर वाढवला गेला. ज्या अगार माध्यमावर (जेलीसारख्या पोषक थरावर) दह्यातले जीवाणू सहज वाढतात, त्यावर कोणताही विषाणू वाढत नाही.

पण लगेच ‘निर्जीव’ असा शिक्काही मारू नये. परागकण यांची कसोटी लावली, तर विषाणू अव्वल ठरतो: त्याच्यात अनुवंश आहे, बदल आहेत, निवड आहे, आणि करोनाचे एकामागून एक आलेले प्रकार आपण सर्वांनी अनुभवले आहेत. शिवाय अमीबात सापडलेला आणि २००३ साली विषाणू म्हणून ओळखला गेलेला मिमीव्हायरस इतका मोठा आहे, की आधी त्याला जीवाणूच समजले गेले होते. त्याच्याकडे नऊशेहून अधिक जनुके आहेत, म्हणजे किण्वक यांनी सांगितलेल्या त्या छोट्या पेशीच्या जवळजवळ दुप्पट. रायबोसोम मात्र त्याच्याकडेही नाहीत. माझे मत विचाराल, तर विषाणूकणाला सजीव म्हणणार नाही आणि विषाणूने ताबा घेतलेल्या पेशीत जे चालते त्याला जीवनाबाहेरचेही म्हणणार नाही.

खडूफळा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फुटाणे आणि गणंग यांचा प्रयोग मी नक्की करणार आहे. दोन शंका राहतात. प्रयोगशाळेत टेट्राझोलियम नसताना सजीव आणि मृत बी यांतला फरक वर्गात कसा दाखवावा? आणि प्रत्येक निकषाला अपवाद असेल, तर एखाद्या अनोळखी वस्तूबद्दल शास्त्रज्ञ प्रत्यक्षात निर्णय कसा घेतात?

किण्वक:

दुसऱ्या शंकेचे उत्तर मंगळावर शोधावे लागेल. १९७६ साली व्हायकिंग मोहिमेची दोन याने तिथे उतरली आणि त्यांच्यासमोर अगदी हाच प्रश्न होता. एका प्रयोगात मंगळाच्या मातीवर किरणोत्सारी कार्बन असलेल्या पोषकद्रव्यांचे थेंब टाकले. मातीत काही जीव असतील तर ते अन्न खाऊन किरणोत्सारी वायू सोडतील, असा हिशेब होता. वायू खरोखर बाहेर आला. तुलनेसाठी तीच माती आधी १६० अंश सेल्सिअसला तापवून घेतली, तर वायू येणे बंद झाले. पृथ्वीवर असा निकाल मिळाला असता तर त्याला जीवनाचा पुरावा मानले गेले असते.

तरीही बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो मानला नाही. पोषकद्रव्य दुसऱ्यांदा टाकल्यावर वायूचा नवा लोंढा आला नाही. खाणारे जीव असते तर ते तोवर वाढून अधिक वायू आला असता. दुसऱ्या उपकरणाला त्या मातीत मंगळाचे म्हणता येतील असे सेंद्रिय रेणू सापडले नाहीत. मातीतली तीव्र ऑक्सिडीकारक रसायनेच अन्नाचे विघटन करत असावीत, असा अर्थ लावला गेला. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे ऑक्सिडीकारक रसायन सापडल्यावर या अर्थाला बळ मिळाले. ज्यांचा तो प्रयोग होता ते गिल्बर्ट लेव्हिन मात्र २०२१ साली निधन होईपर्यंत आपल्याला जीवनच सापडले होते असे मांडत राहिले. म्हणजे प्रत्यक्षात एका लक्षणावर निर्णय होत नाही. पोषण दिसले तर वाढ दिसते का, वाढ दिसली तर तिला आधार देणारी सेंद्रिय सामग्री आहे का, असे धागे एकमेकांशी जुळतात का हे पाहिले जाते.

बीजपरीक्षक:

पहिल्या शंकेबद्दल: दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत मोड आलेली मटकी, दुसरीत तेवढीच मटकी उकळून गार केलेली. दोन्हींत चुन्याच्या ताज्या निवळीची लहान परीक्षानळी सोडून बुचे घट्ट लावावीत. मोडांच्या श्वसनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पहिल्या बाटलीतली निवळी दुधाळ होईल. बाटल्या दुसऱ्याच दिवशी तपासाव्यात, फार दिवस ठेवू नयेत, कारण उकळलेल्या मटकीवर बुरशी आणि जीवाणू वाढू लागले की तीही निवळी दुधाळ करतात आणि मेलेले बी श्वसन करते असा भलताच निष्कर्ष मुले काढतात. तसे झालेच तर ती बाटली टाकून देऊ नये. दाणा भिंगाखाली धरून श्वसन नेमके कोण करते आहे, हे मुलांनाच शोधायला लावावे.

परीक्षेत ‘विषाणू सजीव की निर्जीव’ असा प्रश्न घालायचा असेल, तर उत्तर कोणत्या बाजूचे आहे यावर गुण न देता कारणांवर द्यावेत. ‘तो पेशीबाहेर चयापचय करत नाही’ एवढेच लिहिणाऱ्याला निम्मे गुण पुरेत, कारण ते कारण बरणीतल्या मटकीलाही जवळजवळ तितकेच लागू पडते. त्याच्याकडे स्वतःचे रायबोसोम नाहीत आणि तो विभागत नाही, हे लिहिणाऱ्याला पूर्ण द्यावेत.